जलतरणपटूंचे शरीरसंघटन व देहप्रतिमा

शरीरातील मेद आणि मेदविरहित भाग (स्नायू, हाडे, अवयव व पाणी) यांच्या परस्परप्रमाणास शरीरसंघटन म्हणतात, तर स्वतःच्या शरीराविषयी मनात असलेले चित्र व त्याला चिकटलेली भावना म्हणजे देहप्रतिमा होय. जलतरणात या दोहोंचा विचार एकत्रच करावा लागतो, कारण येथे शरीर पाण्यावर तोलले जाते आणि तेच तोकड्या पोशाखात चारचौघांसमोर उघडेही असते.

मेदाची घनता घन सेंटिमीटरला सुमारे ०.९ ग्रॅम व मेदविरहित भागाची सुमारे १.१ ग्रॅम असल्याने मेद शरीराला तरंगण्यास साहाय्य करतो. मात्र तो वाढला की शरीराचे आकारमान आणि पाण्याचा रोधही वाढतो. म्हणून तलावातील ५० किंवा १०० मीटरच्या शर्यतींत कमी मेद व भक्कम खांदे उपयोगी पडतात. समुद्रात हिशेब बदलतो. धरमतर ते गेटवे ऑफ इंडिया या मुंबईकर पोहणाऱ्यांच्या परिचित मार्गावर पाणी कोमट असते. तेथे कसोटी लागते ती ओहोटी-भरतीची आणि दमसासाची. इंग्लिश खाडीत मात्र भर उन्हाळ्यातही पाण्याचे तापमान साधारणतः १५ ते १८ अंश सेल्सिअस असते व उष्णतारोधक पोशाखाला परवानगी नसते, त्यामुळे त्वचेखालचा मेद हेच पोहणाऱ्याचे पांघरूण ठरते आणि अनेक जण तयारीच्या काळात मुद्दाम वजन वाढवतात. अशा शरीराला तलावाच्या काठावरून कोणी ‘सुटलेले’ म्हणावे, हे निव्वळ अज्ञान होय.

उंची-वजनावरून काढलेला निर्देशांक (बीएमआय) स्नायू व मेद यांत फरक करीत नाही. त्यापेक्षा त्वचेच्या घडीचे मापन बरे: दंडाच्या मागची घडी अंगठा व तर्जनीने उचलून कॅलिपरने (जाडी मोजण्याच्या चिमट्याने) तिची जाडी मिलिमीटरमध्ये वाचतात. त्वचा कोरडी हवी. मुंबईच्या दमट हवेत घामाने घडी निसटते, आणि पोहून आल्याबरोबर घेतलेले माप तर भरवशाचे नसतेच.

देहप्रतिमेचा प्रश्न मुलींच्या बाबतीत वयात येताना तीव्र होतो. या काळात मेदाचे प्रमाण स्वाभाविकपणे वाढते, शर्यतीची वेळ काही काळ सुधारत नाही, आणि नेमक्या त्याच वेळी घरात ‘काळी पडशील’, ‘खांदे मुलांसारखे होतील’ असे बोल ऐकू येतात, तर काठावर वजनाची जाहीर चर्चा होते. पोहणे सुटण्यामागे असे बोलणेही असते. मुलगेही यातून सुटत नाहीत. पिळदार दिसण्याच्या हव्यासाने ते आहाराशी खेळ करतात.

सरावाच्या मानाने अन्न कमी पडल्यास उद्भवणाऱ्या अवस्थेला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये ‘खेळातील सापेक्ष ऊर्जान्यूनता’ या अर्थाचे नाव दिले. तीत मासिक पाळी अनियमित होते किंवा थांबते, आजारपणे वाढतात आणि हाडे कमजोर होतात. जलतरणपटूंना हा धोका अधिक लक्षात घ्यावा लागतो, कारण पाणी शरीराचा भार पेलत असल्याने धावण्या-उड्या मारण्यातून हाडांना मिळणारा ताण त्यांना मिळत नाही. प्रारंभी वजन घटल्याने वेळ कधी कधी सुधारतेही, त्यामुळे पालक व प्रशिक्षक समाधानी राहतात, आणि पाळी थांबल्याची बाब मुलगी संकोचाने कोणालाच सांगत नाही.