इराणी वैद्यकात पोटापासूनच सुरुवात का?

रक्त, कफ, पित्त आणि काळं पित्त या चार दोषांची कल्पना मूळची ग्रीकांची. तिला इराणी भूमीवर बांधेसूद रूप दिलं ते तेहरानजवळच्या रय शहराच्या राझी या वैद्यांनी आणि बुखाऱ्याजवळ जन्मून हमदानला वारलेल्या इब्न सीना (९८०–१०३७) यांनी. दोघांचंही वैद्यकीय लेखन मुख्यतः अरबीत होतं. बाराव्या शतकात जुर्जानी या वैद्यांनी ‘झखीरा-ए-ख्वारझमशाही’ हा अवाढव्य ग्रंथ फारसीत लिहिला, तेव्हा अरबी न येणाऱ्या वैद्यांचीही सोय झाली.

या शास्त्रात पचन म्हणजे शिजणं, आणि ते चार वेळा होतं. जठरात अन्नाचा ‘कैलूस’ नावाचा पांढरट रस होतो, यकृतात त्याचे चार दोष बनतात, मग शिरांत आणि शेवटी प्रत्येक अवयवात उरलेलं काम होतं. जठरात कच्चं राहिलं तर पुढचा कुठलाच टप्पा ते भरून काढत नाही. सगळं पथ्य यावरच उभं आहे. जेवताना गार पाणी नको, कारण त्याने शिजण्याची आच मंदावते. आधीचं पचल्याशिवाय दुसरं खाऊ नये, थोडी भूक ठेवून उठावं.

घरोघरी टिकलेलं औषध म्हणजे सिकंजबीन. दोन वाट्या साखर एक वाटी पाण्यात विरघळवून उकळायची, अर्धी वाटी सिरका (व्हिनेगर) घालून मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं ठेवायचं. पुदिना आच बंद केल्यावरच घालावा आणि गार झाल्यावर काढून टाकावा. उकळला तर त्याचा ताजा वास उडून जातो. पाक फार आटवला तर बाटलीत साखर बसते. भांडं स्टीलचं घ्यावं, ॲल्युमिनियम किंवा बिनकल्हईचं तांबं सिरक्याने खराब होतं. पिताना पाच-सहा पट पाणी आणि किसलेली काकडी घालतात. नौरोज म्हणजे इराणी नववर्षाच्या तेराव्या दिवशी लोक सहलीला जातात, तेव्हा सॅलडची पानं त्यात बुडवून खातात.

१८५१ साली तेहरानात दारुल्फुनून हे आधुनिक विद्यालय सुरू झालं आणि युरोपीय वैद्यक रीतसर शिकवलं जाऊ लागलं. जुनी विद्या मागे पडली, तरी भारतात ती युनानी हकिमांकडे टिकून राहिली. त्यांची जवारिश कमूनी, म्हणजे जिऱ्याचं पाचक चाटण, वायू आणि मंद पचनावर देतात: सिरक्यात भिजवून, वाळवून, भाजलेलं जिरं, सोबत सुंठ, मिरी, सताप, आणि हे सारं मधाच्या किंवा साखरेच्या पाकात. जिरं ओलसर राहिलं किंवा पाक पातळ झाला तर बुरशी येते.

छातीत जळजळ किंवा जठरात व्रण असेल तर सिरका टाळावा. मधुमेहींना दोन्ही औषधांतली साखर जड जाते.