कम्युनिटी कॉलेजातून विद्युत अभियांत्रिकीकडे : कॅलिफोर्नियातील एका वाटेची पार्श्वभूमी

कॅलिफोर्नियात गावातल्या कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षे शिकून पुढे विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला विद्युत अभियांत्रिकीत प्रवेश घेता येतो, हे महाराष्ट्रातून तिकडे गेलेल्या पालकांना सुरुवातीला पटत नाही. दहावीनंतर तंत्रनिकेतनात डिप्लोमा करायचा आणि मग अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला जायचे, ही वाट आपल्या ओळखीची असते आणि त्यामुळे दोन्ही गोष्टी एकच असाव्यात असा समज होतो. डिप्लोम्याचा मूळ हेतू मात्र कारखान्यासाठी तंत्रज्ञ घडवणे हा होता, तर अमेरिकेतल्या या वाटेचा हेतू पदवीचीच पहिली दोन वर्षे दुसऱ्या छपराखाली शिकवणे हा होता. पुढच्या शंभर वर्षांतल्या अडचणी या हेतूतूनच आल्या आहेत.

ही कल्पना विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी जन्मली नव्हती, हे आधी सांगायला हवे. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांना विद्यापीठ संशोधनासाठी मोकळे हवे होते आणि पहिल्या दोन वर्षांचे शिकवणे हे शाळेच्या जवळचे काम आहे असे त्यांचे मत होते. त्यांच्या प्रोत्साहनाने १९०१ मध्ये इलिनॉयमधील जोलिएट येथे, हायस्कूललाच जोडून, अवघ्या सहा विद्यार्थ्यांचे ज्युनियर कॉलेज (आपल्याकडचे अकरावी-बारावीचे नव्हे, तर पदवीच्या पहिल्या दोन वर्षांचे) सुरू झाले. कॅलिफोर्नियात राज्याच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले आवारातील अलेक्सिस लँग आणि स्टॅनफर्डचे डेव्हिड स्टार जॉर्डन हेही अशाच विचाराचे होते. १९०७ च्या कायद्याने तिथल्या हायस्कूलांना विद्यापीठाच्या पहिल्या दोन वर्षांचे अभ्यासक्रम शिकवण्याची मुभा दिली, १९१० मध्ये फ्रेस्नोत पहिले वर्ग भरले आणि १९२१ च्या कायद्याने ज्युनियर कॉलेजांना हायस्कूलांपासून वेगळे, स्वतःचे कारभारी जिल्हे मिळाले.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र बदलले. १९४४ च्या कायद्याने परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला, वर्ग ओसंडून वाहू लागले आणि १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने या कॉलेजांसाठी ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ केले. अभियांत्रिकीच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची ठरलेली घटना मात्र १९५५ ची आहे आणि तिची आठवण फारशी निघत नाही. त्या वर्षी एल. ई. ग्रिंटर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने अमेरिकी अभियांत्रिकी शिक्षणाचा भर कार्यशाळेतील कसबावरून गणित, भौतिकशास्त्र आणि अभियांत्रिकी विज्ञानांवर न्यावा, अशी शिफारस केली. पहिली दोन वर्षे कलनशास्त्र, रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्राची झाल्यामुळे ती कुठल्याही चांगल्या वर्गात, फळा आणि साध्या प्रयोगशाळेच्या बळावर शिकवता येण्याजोगी झाली. हा पाया सगळीकडे सारखा झाला नसता, तर अभियांत्रिकीची पदवी मधोमध विभागून दोन संस्थांनी वाटून घेणे जमले नसते, असे मला वाटते.

मग १९६० चा ‘मास्टर प्लॅन’ आला. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष क्लार्क केर यांच्या पुढाकाराने तयार झालेल्या या आराखड्याने कॅलिफोर्निया विद्यापीठाचे दार हायस्कूलमधील वरच्या साडेबारा टक्क्यांपुरते आणि राज्य महाविद्यालयांचे (म्हणजे पुढे ‘राज्य विद्यापीठ’ झालेल्या दुसऱ्या व्यवस्थेचे) दार वरच्या एक तृतीयांशापुरते अरुंद केले. त्याआधी हे प्रमाण साधारण पंधरा आणि पन्नास टक्के होते. ज्यांना बाहेर थांबावे लागले त्यांच्यासाठी कम्युनिटी कॉलेज सर्वांना खुले राहिले आणि तिथून तिसऱ्या वर्षाला येणाऱ्यांसाठी जागा राहाव्यात म्हणून विद्यापीठात खालच्या दोन वर्षांचे विद्यार्थी चाळीस टक्के आणि वरच्या दोन वर्षांचे साठ टक्के असावेत असे ठरले. थोडक्यात, ट्रान्सफरची, म्हणजे कॉलेजातून विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षाला जाण्याची वाट ही बंद केलेल्या दाराची भरपाई होती. त्याच वर्षी समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी सॅन होजेच्या ज्युनियर कॉलेजचा अभ्यास करून एक अप्रिय निरीक्षण मांडले : ही कॉलेजे अनेकांना पुढे पाठवण्याऐवजी समुपदेशन आणि चाचण्यांच्या वाटेने हळूहळू त्यांच्या आकांक्षा कमी करायला लावतात.

वाट तरीही खरी होती. अ‍ॅपल कंपनीचे एक संस्थापक स्टीव्ह वॉझ्नियाक यांनी कोलोरॅडोत एक वर्ष काढल्यावर क्युपर्टिनोच्या डी अँझा कॉलेजात शिक्षण घेतले, मग ते बर्कलेला गेले आणि १९८६ मध्ये त्यांनी पदवी पूर्ण केली.

आकांक्षा कुठे अडते, हे विद्युत अभियांत्रिकीचे वेळापत्रक मांडून पाहिले की कळते. पहिल्या सत्रात कलनशास्त्राचा पहिला भाग. तो झाल्यावर दुसऱ्या सत्रात दुसरा भाग आणि यामिकी. तो झाल्यावर तिसऱ्या सत्रात अनेक चलांचे कलनशास्त्र आणि विद्युतचुंबकत्व. ते झाल्यावरच चौथ्या सत्रात विकलक समीकरणे आणि प्रयोगशाळेसह सर्किट्स. चार सत्रे या साखळीत नेमकी बसतात, एक दिवसही शिल्लक उरत नाही. सर्किट्सचा वर्ग अनेक कॉलेजांत वर्षातून एकदाच भरतो; एक पूर्वअट हुकली की एक सत्र नव्हे, पूर्ण वर्ष जाते. त्यात कॅलिफोर्निया विद्यापीठाचा अर्ज आदल्या शरद ऋतूत, म्हणजे विद्युतचुंबकत्व अजून चालू असताना आणि सर्किट्स पुढे असताना भरावा लागतो. ज्याला गणित बीजगणितापासून सुरू करावे लागे त्याचे तर याच्या आधीच एक-दोन वर्षे खर्ची पडत. २०१७ आणि २०२२ च्या कायद्यांनी ही पूर्वतयारीची पायरी बरीच काढून टाकली. गणिताच्या अनेक प्राध्यापकांचा त्याला विरोध आहे आणि त्यांची काळजी अनाठायी म्हणता येत नाही.

१९८४ पर्यंत राज्यातील रहिवाशांना ही कॉलेजे शिकवणी शुल्काविना होती. त्या वर्षी एका युनिटला, म्हणजे अभ्यासक्रम मोजण्याच्या एका एककाला, पाच डॉलर लागू झाले आणि २०१२ पासून ते ४६ डॉलर आहेत. कोणत्या कॉलेजचा कोणता विषय कोणत्या विद्यापीठात चालतो याची अधिकृत नोंद ठेवणारी ‘असिस्ट’ ही संगणकीय व्यवस्था १९८५ मध्ये सुरू झाली. पुढे २०१० मध्ये राज्याच्या सिनेटचे तेव्हाचे सदस्य अ‍ॅलेक्स पडिया यांच्या विधेयकाने साठ युनिटांची ट्रान्सफर पदवी निर्माण केली आणि ती मिळवणाऱ्याला राज्य विद्यापीठात प्रवेशाची हमी दिली. पडिया स्वतः एमआयटीचे यांत्रिकी अभियंते आहेत. तरीही वर सांगितलेली साखळी आणि सामान्य शिक्षणाचे विषय मिळून साठ युनिटांत मावत नसल्याने अभियांत्रिकी या हमीच्या बाहेरच राहिली. विज्ञान-तंत्रज्ञान शाखांसाठी मर्यादा ६६ पर्यंत वाढवण्याची तरतूद २०२१ च्या कायद्याने केली, म्हणजे अकरा वर्षांनी.

कॅलिफोर्निया विद्यापीठाची सहा आवारे ट्रान्सफरची हमी देतात, पण बर्कले, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो ती देत नाहीत. राज्य वचन देते ते विद्यार्थ्याला. जागा मात्र विभागाची असते, आणि विभाग आपला अभ्यासक्रम कॉलेजांना विचारून बदलत नाही. बर्कलेने २०१५ च्या सुमारास सर्किट्सचा जुना प्रास्ताविक अभ्यासक्रम बाजूला ठेवून रैखिक बीजगणित आणि सर्किट्स एकत्र गुंफले, विद्यार्थी प्रयोगशाळेत स्वतः टचस्क्रीनचे तत्त्व पडताळून पाहू लागले. शिकवण्याच्या दृष्टीने हा बदल उत्तमच होता. पण कम्युनिटी कॉलेजात सर्किट्स अभियांत्रिकीच्या खोलीत आणि रैखिक बीजगणित गणिताच्या खोलीत शिकवले जाते, आणि दोन्ही विषय उत्तम गुणांनी पार केलेल्या मुलीला ‘असिस्ट’वर बर्कलेच्या या नव्या विषयासमोर समतुल्य विषय नाही एवढाच शेरा दिसू शकतो.