कोटातल्या विहिरी आणि स्वच्छ पाण्यातला डास

हिवताप म्हटलं की दलदल, भातखाचरं, रानातले ओढे आठवतात. मुंबईच्या कोटात, म्हणजे फोर्ट भागात, यातलं काहीच नव्हतं. तरी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या दाट, दगडी वस्तीत माणसं थंडीतापानं फणफणत होती. डॉ. चार्ल्स बेंटली यांनी त्याचा छडा लावला आणि १९११ च्या अहवालात बोट ठेवलं ते घरोघरच्या विहिरींवर आणि पाण्याच्या टाक्यांवर.

कारण होता ॲनाफिलिस स्टीफेन्सी हा डास. परळच्या प्रयोगशाळेत काम केलेल्या ग्लेन लिस्टन यांनी १९०१ मध्येच त्याचं वर्णन केलं होतं. याच्या मादीला स्वच्छ, साठलेलं पाणी फार मानवतं. सावलीतली विहीर, गच्चीवरची उघडी टाकी. म्हणजे घाण दिसते तिथे झाडलोट करून हा रोग हटणार नव्हता. पाहणी करणाऱ्याला थेट लोकांच्या अंगणात, माजघरामागच्या चौकात शिरावं लागणार होतं.

तिथे जाऊन बघायचं काय? पोहऱ्यानं पाणी काढायचं आणि अळ्या निरखायच्या. क्युलेक्स डासाची अळी श्वासनळी वर करून पाण्यात तिरकी लोंबकळते. ॲनाफिलिसच्या अळीला तशी लांब नळीच नसते, म्हणून ती पृष्ठभागाला समांतर, आडवी तरंगते. एवढा फरक डोळ्यांनी ओळखता येतो. मुंबईच्या उबेत अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. त्यामुळे एकदाच येऊन गेलेल्या पाहणीचा उपयोग नसतो, दर आठवड्याला पुन्हा यावं लागतं. वस्तीत हिवताप किती मुरलाय हे त्या काळी लहान मुलांची प्लीहा चाचपून ठरवत. परजीवी शिरलेल्या तांबड्या पेशी गाळताना ती सुजते आणि बरगडीखाली हाताला लागते.

विहिरी बुजवा किंवा घट्ट झाका, अशा नोटिसा म्युनिसिपालटीनं काढल्या आणि वाद पेटला. विहार तलावाचं पाणी १८६० पासून नळानं येत होतं, पण नळाचं पाणी पूजेला चालत नसे. पारशी मंडळींच्या दृष्टीनं विहीर पवित्र होती आणि तिच्या पाण्याला ऊन लागणं आवश्यक होतं. चर्चगेटची १७२५ सालची भिखा बेहराम विहीर आजही श्रद्धास्थान आहे. मला हा विरोध अडाणीपणाचा वाटत नाही. ज्या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या विश्वास टाकला, तेच तापाचं मूळ आहे हे पटायला वेळ लागणारच. काही ठिकाणी बारीक तारेची जाळी आणि घट्ट बसणारं झडपेचं झाकण यांवर तडजोड झाली. हवा-उजेड आत जातो, डास जात नाही. मला यातलं सगळ्यात मोलाचं काम हेच वाटतं.

मुंबई महापालिकेचे कीटकनाशक विभागाचे कर्मचारी आजही गच्च्यांवर चढून टाक्यांची झाकणं तपासतात. आणि २०१२ मध्ये हाच स्टीफेन्सी आफ्रिकेत, जिबूती शहरात सापडला. पुढे तो इथिओपियातही पोचला. आफ्रिकेत मलेरिया मुख्यतः खेड्यांचा रोग मानला जाई; आता तिथल्या शहरांतही पाण्याच्या टाक्या उघडून अळ्या शोधाव्या लागत आहेत.