शेवटचं पान फाटलेल्या रहस्यकथा

गुन्हेगारीवरच्या एखाद्या नव्या सिरीजबद्दल लिहायला बसलो की मला आधी भुसावळचं एक वाचनालय आठवतं. दिवसाच्या भाड्याने पुस्तकं मिळायची. खाकी कागदाचं कव्हर, सुटलेली शिलाई आणि पुष्कळदा शेवटचं पानच गायब. त्याहून वाईट म्हणजे पहिल्याच पानावर कुणीतरी पेन्सिलने खुन्याचं नाव लिहून ठेवलेलं असायचं. तरी आम्ही पुस्तक परत करायचो नाही. खुनी कळला तरी त्याने हे का आणि कसं केलं, ते वाचायचंच असायचं.

त्या फळीवर बाबूराव अर्नाळकरांचं राज्य होतं. हजारावर रहस्यकथा लिहिलेला माणूस! काळा पहाड, झुंजार, धनंजय ही त्यांच्या नायकांची नावं आमच्या वडिलांच्या पिढीला पाठ होती. पुढे गुरुनाथ नाईक आले, सुहास शिरवळकरांचे दारा बुलंद आणि बॅरिस्टर अमर विश्वास आले. भुसावळ जंक्शनचं गाव, त्यामुळे मराठी वाचनालयातून आणि हिंदी फलाटावरच्या स्टॉलवरून, असा आमचा दुहेरी खुराक. सुरेंद्र मोहन पाठक, वेदप्रकाश शर्मा घरोघरी असायचे. शर्मांची १९९३ ची ‘वर्दीवाला गुंडा’ तर हातोहात फिरली. या पुस्तकांना साहित्यात कुणी धरलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. वाचायची भूक त्यांनीच लावली.

मग टीव्ही आला. १९८५ मध्ये ‘करमचंद’ गाजर खात आला, १९९३ मध्ये बासू चॅटर्जींचा ‘ब्योमकेश बक्शी’. मराठीत बी. पी. सिंग यांनी ‘एक शून्य शून्य’ केली, त्यात शिवाजी साटम होते. याच जोडीने १९९८ मध्ये सुरू केलेली ‘सी.आय.डी.’ वीस वर्षं चालली. पण तिथे गुन्हा म्हणजे कोडं, आणि कोडं सुटलं की टीव्ही बंद.

खरा बदल त्या पेन्सिलीच्या दिशेने झाला. २०१३ च्या मल्याळम ‘दृश्यम’मध्ये (हिंदीत तो निशिकांत कामत यांनी २०१५ मध्ये केला) मारणारं कोण हे प्रेक्षकाला ठाऊकच असतं. जीव टांगणीला लागतो तो बापाने रचलेल्या खोट्यावर. २०१८ मध्ये ‘सेक्रेड गेम्स’ने ओटीटीचं दार उघडलं. २०२० च्या ‘पाताल लोक’मध्ये संशयित सुरुवातीलाच पकडले जातात आणि पोलीस इन्स्पेक्टर हाथीराम चौधरी त्यांच्या गावांत, त्यांच्या बालपणात शिरतो. ‘कोहरा’ पंजाबात गेली, ‘दहाड’ राजस्थानात. परीक्षण करताना मी म्हणूनच धक्के मोजत नाही. पोलीस त्या मातीतला वाटतो का, चौकीतली बोली खरी आहे का, हे आधी पाहतो. सगळ्या जिल्ह्यांतले हवालदार एकसारखी हिंदी बोलायला लागले की माझा विश्वास उडतो. २०२० मध्ये शिरवळकरांच्या ‘समांतर’वर मराठी वेब सिरीज आली, तेव्हा भाड्याचं पुस्तक मोबाइलवर पोचलेलं पाहून मला भरून आलं होतं.

खान्देशाची गोष्ट मात्र मला अजून पाहायची आहे, तीही अहिराणीत. ‘कोन शे रे?’ असं दरडावून विचारणारा फौजदार हवा. सामग्रीला तोटा नाही. १४ एप्रिल १९४४ ला शिंदखेडा तालुक्यातल्या चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी सरकारी खजिना लुटला. साडेपाच लाख रुपये, त्या काळातले, प्रतिसरकारच्या लढ्यासाठी! भर दिवसा, इंग्रजांच्या राज्यात, आणि पुढे मागावर पोलीस.

आणि त्याच्याही आधी खाज्या नाईक. सेंधव्याच्या घाटाची राखण याच भिल्ल नाईकाकडे होती, आणि १८५७ मध्ये त्याच घाटात त्यांनी कंपनीचा सात लाखांचा खजिना लुटला. मुंबई-आग्रा रस्त्यावरचे ट्रक आजही त्या घाटातून जातात. इथे पेन्सिलीने नाव लिहून ठेवलं तरी हरकत नाही. राखणदाराने हत्यार कुणावर आणि का फिरवलं, ते पाहायला मी पहिल्या भागापासून बसेन.