साऊंडचं करिअर : मराठवाड्यातली पार्श्वभूमी

कलकत्त्यात 1902 ला गाण्यांचं रेकॉर्डिंग सुरू झालं तेव्हा आपण निजामाच्या राज्यात होतो. आपल्याकडच्या बहुतेक गळ्यांना रेकॉर्ड व्हायला थेट कॅसेटची वाट बघावी लागली. कॅसेट निघाली 1963 ला, पण आपल्याकडं खरी पसरली ती ऐंशीच्या दशकात, आणि मग भीमगीतं, भारुडं, गोंधळ सगळं जत्रेतल्या दुकानात दिसायला लागलं. रेकॉर्डिंग रात्री व्हायचं, भिंतीला गोधड्या लटकवायच्या, फॅन बंद, घामानं ढोलकीवाल्याचे हात ओले, त्यात अर्थिंग नीट नसलं की विजेची 50 हर्ट्झची घूं घूं गाण्याखाली कायमची बसायची. कॅसेटमधली पट्टी अरुंद आणि सेकंदाला जेमतेम 4.76 सेंटिमीटर सरकायची म्हणून गाण्यामागं सततचा ‘स्स्स’ असा सुस्कारा पण यायचाच. हे सगळं निस्तरता निस्तरता ज्यांचे कान तयार झाले तीच आपल्याकडची रेकॉर्डिस्टची पहिली पिढी, डिग्रीचा कागद कुणाकडंच नव्हता.

आता घोळ आहे तो ‘साऊंड इंजिनियर’ या शब्दाचा. गावात सांगा, लगेच विचारतात, "म्हंजे मंडपवाल्याकडं हाय का?" खरं तर या एका नावाखाली तीन वेगळी कामं आहेत. लग्नात, सभेत स्पीकर लावून आवाज सांभाळणारा लाईव्हवाला, स्टुडिओत माईक कुठं ठेवायचा ते ठरवून मिक्सिंग करणारा, म्हणजे वेगवेगळे आवाज एकमेकांत जुळवणारा रेकॉर्डिस्ट, आणि आवाजाच्या सिग्नलवर गणित करणारा संशोधक. पोरं तिसऱ्याच्या ओढीनं दुसऱ्याच्या कोर्सला पैसे भरतात. किंवा मिक्सिंग शिकायचं म्हणून ईएनटीसीला, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन इंजिनियरिंगला जातात आणि चार वर्षांत एकदाही माईक हातात येत नाही. ध्वनिमुद्रक, ध्वनिलेखक हे शब्द होते की आपल्याकडं, सिनेमाच्या श्रेयनामावलीत दिसायचे, ते सोडायला नको होते असं मला मनापासून वाटतं.

लॅपटॉप आला, 2016 नंतर डेटा स्वस्त झाला, आणि नांदेड-लातूरच्या एका खोलीत गाणं तयार होऊन रात्रीतून यूट्यूबवर जायला लागलं. आवाजाचे सेकंदाला किती नमुने घ्यायचे तो सॅम्पल रेट गाण्याला 44.1 किलोहर्ट्झ, व्हिडिओ असेल तर 48, एवढं आता नवीन पोरालाही माहीत असतं. संशोधनाची वाट वेगळी, तिथं फूरियर (आवाज वेगवेगळ्या कंपनांत फोडायचं गणित), प्रोबॅबिलिटी, कोडिंग लागतं, म्हणजे बारावीचं गणित सोडून चालत नाही. बोली ओळखणारं सॉफ्टवेअर, श्रवणयंत्रं, गोंगाट काढणं, कामं भरपूर आहेत.

दोन्ही वाटा एकत्र येतात त्या जुन्या कॅसेटवर. घूं घूं नंतर गणितानं काढता येते, पण आधी डेकच्या, म्हणजे कॅसेट वाजवायच्या यंत्राच्या, हेडशेजारचा (हेड म्हणजे पट्टी वाचणारा भाग) बारीक स्क्रू कान लावून हळूहळू फिरवावा लागतो. हेड ज्या तिरपेपणावर ती पट्टी भरली होती तिथं जुळलं, की इतका वेळ कांबळ्याखाली वाजणारे भारुडातले टाळ एकदम खणखणीत ऐकू येतात.