पेट्रोलियम जेली

खनिज तेलाच्या शुद्धीकरणात शेवटी उरणाऱ्या जड, मेणयुक्त गाळापासून मिळणारा मऊ, बुळबुळीत पदार्थ. मुंबईत औषधाच्या दुकानात तो ‘व्हॅसलीन’ म्हणूनच मागितला जातो, मग डबी कोणत्याही कंपनीची असो. रासायनिकदृष्ट्या हे साधारण २५ पेक्षा जास्त कार्बन अणू असलेल्या हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. मेणाच्या सूक्ष्म स्फटिकांच्या जाळीत पातळ तेल धरून ठेवलेले असते, म्हणून जेली ना पुरती घट्ट, ना वाहती. तिला एकच असा वितळणबिंदू नसतो. प्रतीनुसार ती सुमारे ३८° ते ६०° से. दरम्यान वितळते. मे महिन्यात बंद गाडीत राहिलेल्या डबीतली जेली पातळ होते ती यामुळेच. ती खराब झालेली नसते. पाण्यात ती विरघळत नाही, रॉकेल किंवा टर्पेंटाइनमध्ये विरघळते. तिला जवळपास वास नसतो आणि ती सहसा खवट होत नाही, हा खोबरेल तेलावर तिचा मोठा वरचष्मा.

रॉबर्ट चेसब्रो (१८३७–१९३३) हा रसायनज्ञ १८५९ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिल येथे गेला. तिथल्या तेलविहिरींच्या पंपांच्या दांड्यांवर मेणचट राप साचे. कामगार त्याला वैतागत, पण कापल्या-भाजल्यावर तोच चोळत. चेसब्रोने तो शुद्ध करून १८७२ मध्ये पेटंट घेतले. तो स्वतः रोज चमचाभर जेली खात असे, असे सांगतात. त्याचे अनुकरण करू नये.

जेली त्वचेला ओलावा देत नाही, ही गोष्ट जाहिरातींमुळे मागे पडते. ती फक्त आतला ओलावा उडू देत नाही. त्यामुळे कोरड्याठाक टाचेवर थापण्यापेक्षा आंघोळीनंतर अंग अर्धवट टिपून, त्वचा ओलसर असताना पातळसर हात फिरवला तर गुण येतो. मुंबईत कडाक्याची थंडी नसते, तरी डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडचे कोरडे वारे सुटले की ओठ फुटतात, पायांना भेगा पडतात. डबी बाहेर निघते ती तेव्हा. एरवी इथल्या दमट हवेत अंगभर जेली चोळली तर घामाची छिद्रे बुजून घामोळ्या येतात. बाळाच्या लंगोटाच्या जागी मात्र ती बाराही महिने उपयोगी, कारण ओले कापड आणि कातडी यांच्यामध्ये थर राहतो. लहानसहान जखम धुऊन त्यावर लावली तर खपली कडक होत नाही आणि जखम लवकर भरते. भाजल्यावर आधी नळाचे थंड पाणी, जेली नंतर. मोठ्या भाजण्याला घरगुती उपाय नकोतच.

नाकात खोलवर, दिवसेंदिवस जेली घालू नये. तिचा अंश फुप्फुसांत उतरून क्वचित न्यूमोनियासारखा आजार होतो. लॅटेक्सच्या निरोधावर तर ती मुळीच वापरू नये. तेलाने रबर कमकुवत होऊन फाटते.

पाणी आणि हवा अडवण्याचा हाच गुण धातूवरही चालतो. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात कड्या-कुलुपे, हत्यारे पटकन गंजतात. त्यांवर पुसट थर दिला की गंज लांबतो. स्कूटरच्या बॅटरीची टोके घासून, तारा घट्ट बसवून वरून जेली लावली की त्यांवर पांढरट-हिरवट क्षार धरत नाहीत. प्लास्टरच्या साच्याला आतून लावली तर ओतीव वस्तू चिकटत नाही. जुने छायाचित्रकार कॅमेऱ्यापुढच्या काचेच्या कडांना ती फासून चेहरा धूसर, मृदू टिपत.

औषधी प्रतीची जेली पूर्ण शुद्ध केलेली असते. अर्धवट शुद्ध केलेल्या मालात कर्करोगकारक संयुगे राहू शकतात, म्हणून यंत्रांसाठीची स्वस्त, तपकिरी जेली अंगाला लावणे म्हणजे खोटी काटकसर.

धुळवडीला रंग अंगात मुरू नये म्हणून हातापायांना जेली चोळतात, ते ठीक. केसांना लावू नये. साध्या शाम्पूने ती निघत नाही. आधी कोरडे कॉर्नफ्लोअर भुरभुरून तेल शोषू द्यावे, विंचरावे आणि मग दोनदा शाम्पू करावा.