विषाणू सापडेना, तरी पहारा उठेना

डी-डायमर हे नाव कोविडच्या काळात आपल्याकडे घरोघरी पोचलं. रक्तात गुठळ्या होऊन त्या विरघळू लागल्या की हा प्रथिनाचा तुकडा वाढतो, हे तेव्हा बऱ्याच जणांना पाठ झालं होतं. एचआयव्हीच्या संशोधकांची त्याच्याशी गाठ मात्र त्याआधीच पडली होती.

निमित्त होतं ‘स्मार्ट’ या आंतरराष्ट्रीय चाचणीचं. तिच्यात ५४७२ रुग्ण होते. एका गटाला एआरटीची, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी, औषधं अखंड चालू. दुसऱ्या गटाची बंद, आणि सीडी४ पेशी (एचआयव्ही ज्यांना मारतो त्या प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) रक्ताच्या दर घनमिलिमीटरमागे २५०च्या खाली गेल्या तरच पुन्हा सुरू. हेतू चांगला होता, रुग्णाला औषधांचा त्रास कमी व्हावा. झालं भलतंच. औषधं थांबवलेल्या गटात मृत्यू वाढले, आणि त्यातले बरेचसे एड्सच्या ठरावीक आजारांमुळे नव्हतेच. या गटात हृदयाच्या, मूत्रपिंडाच्या, यकृताच्या तक्रारीही जास्त होत्या. जानेवारी २००६मध्ये नवे रुग्ण घेणं थांबवलं गेलं.

मग साठवलेलं रक्त तपासलं. ज्यांच्या रक्तात सुरुवातीलाच डी-डायमर आणि इंटरल्यूकिन-६ (शरीरातल्या दाहाची खूण असलेलं प्रथिन) जास्त होतं, त्यांचा मृत्यूचा धोका कितीतरी अधिक निघाला. औषधं बंद केल्यावर महिन्याभरात ही दोन्ही द्रव्यं चढलेली होती.

ही द्रव्यं चढण्याचं एक मूळ आतड्यात आहे. लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच विषाणू आतड्याच्या अस्तरातल्या सीडी४ पेशींचा फडशा पाडतो. अस्तर झिरपू लागतं, जिवाणूंच्या कवचाचे तुकडे रक्तात उतरतात, आणि प्रतिकारशक्ती अष्टौप्रहर खडी राहते. या तुकड्यांना भिडलेल्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी सीडी१४ नावाचं प्रथिन रक्तात सोडतात. ‘स्मार्ट’च्याच नमुन्यांत ते सर्वाधिक असलेल्या चौथाई लोकांना, सर्वात कमी असलेल्या चौथाईच्या तुलनेत, मृत्यूचा धोका सुमारे सहापट होता.

आफ्रिकेतली सूटी मँगाबे माकडं इथे आपले डोळे उघडतात. एचआयव्हीचा भाऊबंद असलेला विषाणू त्यांच्या रक्तात भरपूर, पण प्रतिकारशक्ती शांत. त्यांना एड्स सहसा होतच नाही. म्हणजे घात एकटा विषाणू करत नाही, त्याच्यापायी प्रतिकारशक्तीची न थांबणारी धावपळही करते. माझ्या मते या साऱ्या संशोधनातली सगळ्यात बोलकी गोष्ट हीच.

एआरटीने ही द्रव्यं बरीच उतरतात, पण व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, सापडेनासा झाला तरी अनेकांत ती पूर्ववत होत नाहीत. पण तेवढ्यावरून कोणी लॅबमध्ये सीडी१४ मोजायला धावू नये. उपचार व्हायरल लोड आणि सीडी४वरच चालतात, आणि या द्रव्यांचा आकडा पाहून औषध बदलावं असा नियम कुठेही नाही. हृदयाची काळजी मात्र घ्यायला हवी. २०२३मध्ये ‘रिप्रीव्ह’ चाचणीचा निष्कर्ष आला. एचआयव्ही असलेल्या, चाळिशी ओलांडलेल्या ७७६९ जणांत पिटाव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधाच्या रोजच्या गोळीने हृदयविकाराचा झटका, पक्षाघात अशा गंभीर घटना सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झाल्या. ही गोळी एआरटीच्या जोडीला घ्यायची, एआरटीऐवजी नव्हे, आणि तीही डॉक्टरांना विचारूनच.